विंचवाचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट संपलं की टेम्पो बोलावणाऱ्या भाडेकरूंबद्दल म्हणतो. आज ज्या बिऱ्हाडाबद्दल लिहितोय ते त्याहून बरंच आटोपशीर आहे. पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडं लांब-रुंद, जाडीला निम्मं, आणि मागे वीतभर केबल. एक्स्टर्नल डिस्क. फक्त या डिस्कवर नुसत्या फायली नाहीत, आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कुठल्याही लॅपटॉपला लावा, त्याच्या पोटात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, आपला डेस्कटॉप समोर हजर.

आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणजे घरातला माळा. लग्नाचे फोटो, कॉलेजचं प्रोजेक्ट, कधीतरी बघू म्हणून ठेवलेले सिनेमे, सगळं वर टाकायचं आणि विसरून जायचं. पण माळ्यावर संसारही थाटता येतो, आणि कधीकधी तोच सगळ्यात शहाणपणाचा उपाय असतो. हे मला माहीत होतं, पण पटलं ते बाबांच्या लॅपटॉपमुळे.

तर झालं असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. २९ जुलै २०१५ ला आलेली सिस्टीम, दहा वर्षं चालली, तशी तक्रार करायला जागा नाही. विंडोज ११ आली ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि तिच्या अटी कडक होत्या. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आणि प्रोसेसर ठराविक यादीतलाच हवा. इंटेलपुरतं बोलायचं तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय थ्री. म्हणजे दारातच अडला.

बाबा सातारला असतात. रिटायर झाल्यापासून गल्लीतल्या छोट्या वाचनालयाचं काम बघतात. पुस्तकांची यादी, वर्गणीचा हिशोब, पत्रव्यवहार, सगळं या लॅपटॉपवर. सपोर्ट संपल्याची सूचना स्क्रीनवर यायला लागली तेव्हा ते तो उचलून दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "काका, हा आता भंगार. नवीन घ्या, यात दीड हजार कमी करतो."

रात्री फोन आला. "अरे, चालतंय तरी भंगार कसं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना जरा विचार करावा लागला. कारण कीबोर्डचं एकही बटण गेलेलं नाही, स्क्रीन स्वच्छ आहे, बिजागरी घट्ट आहे. बिघडलं काहीच नाही. फक्त यापुढे जी भोकं सापडतील ती बुजवायला कुणी येणार नाही, आणि याच लॅपटॉपवरून बाबा बँकेत आणि पेन्शनच्या साईटवर जातात. कंपनीने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली होती. पण तो उपाय नाही, ती पुढची तारीख.

ऑफिसात विषय काढला तर सगळ्यांचं एकच उत्तर, "लिनक्स टाकून दे ना! फॉरमॅट मार, तासाभराचं काम." तासाभराचं काम आहे हे खरंच. पण तो तास कुणाच्या नऊ वर्षांवरून फिरणार आहे, हे कुणी बघत नाही. त्या लॅपटॉपवर कुठला आयकॉन कुठे आहे हे बाबांच्या बोटांना पाठ आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली शेकडो पत्रं आहेत, जी तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतात. आईचा पाककृतींचा फोल्डर आहे. आपण आयटीवाले घरी गेलो की रात्रीतून आईवडिलांचा फोन 'नीट' करून ठेवतो आणि सकाळी ते बिचारे गॅलरी शोधत बसतात. त्यातलाच हा प्रकार झाला असता.

बाबांनी फोनवरच अट घातली होती. "बघ काय करायचं ते. पण माझं आहे ते हलवायचं नाही."

ही अट पाळायची तर एकच रस्ता होता. आतल्या डिस्कला हातच लावायचा नाही. नवीन बिऱ्हाड बाहेर थाटायचं.

हे जमतं कसं, ते थोडक्यात सांगतो. आपल्याला वाटतं लॅपटॉप सुरू केला की विंडोज सुरू होते. खरं तर आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर. जुन्या बायॉसच्या काळात ते डिस्कचा फक्त पहिला सेक्टर वाचायचं. तो ५१२ बाइटचा, त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट सहीला. एवढ्याशा जागेतून सगळा डोलारा उभा राहायचा. आताच्या यूईएफआयमध्ये डिस्कवर एक छोटं फॅट पार्टिशन असतं आणि त्यात बूटलोडरची फाइल. घरच्या डिस्कवरची फाइल नेमकी कुठे आहे हे फर्मवेअर आपल्या मेमरीत नोंदवून ठेवतं. पण बाहेरून आलेल्या डिस्कची नोंद कुठून असणार? त्यासाठी एक ठरलेली जागा आहे. ईएफआय फोल्डर, त्यात बूट नावाचा फोल्डर, आणि त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. पाहुणा अनोळखी असला तरी या ठरलेल्या खुर्चीवर बसलेला दिसला की फर्मवेअर त्याला पाणी विचारतं. बूट मेनूचं बटण दाबायचं (कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप), यादीतून डिस्क निवडायची, झालं.

पुढचा प्रश्न, एकाच डिस्कवरची सिस्टीम वेगवेगळ्या मशीनवर कशी चालते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, आणि समोर कुठलं हार्डवेअर आहे हे ती दर वेळी सुरू होताना नव्याने बघते. आपल्या पार्टिशनलाही ती 'पहिली डिस्क', 'दुसरी डिस्क' अशा नावाने शोधत नाही, कारण हे क्रमांक मशीनगणिक बदलतात. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, त्यावरून शोधते. पत्ता बदलला तरी आधार नंबर तोच, तसं. अपवाद आहेत. ग्राफिक्स कार्डाचा वेगळा ड्रायव्हर टाकलेला असेल, तर दुसऱ्या मशीनवर काळी स्क्रीन बघायची तयारी ठेवा.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये क्नॉपिक्स काढलं, एका सीडीवरून चालणारं लिनक्स. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये विंडोज ८ च्या एंटरप्राइज आवृत्तीसोबत 'विंडोज टू गो' आणलं होतं. त्यातली एक गंमत मला फार आवडते. चालू असताना डिस्क निघाली तर सगळं जागच्या जागी गोठायचं आणि ती परत लावायला ६० सेकंद मिळायचे. विंडोज १० च्या २०२० मधल्या २००४ आवृत्तीपासून ते काढून टाकलं. विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर तर यूएसबी डिस्क दिसली की सरळ नाही म्हणतो. मॅकवाल्यांसाठी सांगायचं तर अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवरही बाहेरच्या डिस्कवरून मॅकओएस चालते, पण सुरुवातीची पावलं आतल्या स्टोअरेजवरूनच पडतात. म्हणजे आतली गेली, तर बाहेरची लावूनही उपयोग नाही.

आता डिस्क कुठली? इथे बरेच जण फसतात. पेन ड्राइव्ह स्वस्त असतो, पण सिस्टीम चालताना सतत छोटं छोटं लिहीत असते, त्याने तो तापतो, रांगतो आणि लवकर मरतो. फिरणारी हार्ड डिस्क फोटोंसाठी उत्तम, सिस्टीमसाठी नाही. हिशोब करून बघा. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलीसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि डोकं योग्य जागी न्यायचा वेळ वेगळा. म्हणजे इकडचे तिकडचे तुकडे सेकंदाला शंभरच्या आतच वाचून होतात. सिस्टीम सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीमध्ये फिरण्याची भानगडच नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपमधून निघालेली २४० जीबीची एसएसडी पडून होती. तिला यूएसबीची एक डबी घेतली, बस.

केबल लावायची ती आतून निळ्या पोर्टमध्ये. निळा म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी ३. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट, हातात पडतात सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइट. यूएसबी ३ ची मर्यादा ५ गिगाबिट, साधी एसएसडी तिथे चारशेच्या आसपास जाते. बाबांच्या लॅपटॉपच्या पोटात २०१६ ची फिरणारी डिस्क होती. त्यामुळे पाहुणा यजमानापेक्षा चपळ निघणार हे उघड होतं.

एका शनिवारी सकाळी सातारला पोचलो. चहा झाला आणि पहिलं काम केलं ते स्क्रू ड्रायव्हर काढायचं. मागचं झाकण उघडून आतली डिस्क सोडवली आणि बाबांच्या हातात दिली. याला कारण आहे. काही इन्स्टॉलर तुम्ही बाहेरची डिस्क निवडली तरी बूटलोडर आतल्या डिस्कवर नेऊन ठेवतात. मग बाहेरची काढली की आतलं विंडोजही रुसतं. आतली डिस्क जागेवरच नसेल तर असला प्रश्नच उरत नाही. आणि दुसरं कारण तांत्रिक नाही. बाबांची नऊ वर्षं त्या दोन तासांत त्यांच्या हातात होती. त्यांनी ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आणि मग निवांतपणे माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. "हं, आता कर काय करायचं ते."

डिस्क बाहेर काढता येत नसेल अशा लॅपटॉपवर दोन गोष्टी आधी करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकते, आणि त्या क्षणी ती शोधायला लागलात तर मेलात. दुसरं, विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की बंद केलेली विंडोज पूर्ण बंद नसते, अर्धवट झोपलेली असते, आणि लिनक्सला तिच्या पार्टिशनवर लिहिता येत नाही.

एसएसडीवर लिनक्स मिंट टाकलं. कारण एवढंच की खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, म्हणजे बाबांना घर ओळखीचं वाटावं. मग आतली डिस्क परत बसवली. केबल न लावता सुरू केलं, तर विंडोज जशीच्या तशी. आयकॉनसुद्धा हललेला नाही. बाबांनी स्वतः तीन फायली उघडून खात्री केली. केबल लावून सुरू केलं, तर नवीन घर. मला वाटतं बाबांचा विश्वास बसला तो मिंट बघून नाही, केबल काढल्यावर जुनं दिसलं तेव्हा.

मराठी टायपिंगची मला धास्ती होती. बाबा नोकरीत असताना इन्स्क्रिप्ट शिकलेले. इन्स्क्रिप्ट हा भारताचा प्रमाण आराखडा, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि तो कुठल्या कंपनीचा नाही. केच्या बटणावर क, जेच्या बटणावर र, एलच्या बटणावर त, सिस्टीम कुठलीही असो. भाषा जोडून दिल्यावर बाबांनी कीबोर्डकडे न बघता वाचनालयाचं नाव टाइप केलं. आलं. "मग हेच तर आहे," म्हणाले. पुस्तकांची यादी लिब्रेऑफिसमध्ये उघडली, एका रकान्याची रुंदी सोडली तर सगळं जागेवर. जुनी पत्रं मात्र अपेक्षेप्रमाणे कचरा दिसली.

एक गमतीशीर भानगड घड्याळाची. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. दोघं एकाच मशीनवर नांदायला लागले की एकाने लावलेलं घड्याळ दुसऱ्याला चुकीचं वाटतं, आणि आपल्याकडे हा फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. लिनक्सला एकदा सांगून ठेवायचं की मशीनचं घड्याळ स्थानिक आहे, मिटलं. घरात दोन सुना असल्या की एकीने जरा नमतं घ्यावं, असं आई म्हणाली. (आईला यातलं काही कळत नाही असं समजणारे आम्ही दोघं गप्प.)

या बिऱ्हाडाचे धोके आहेत, ते लपवत नाही. चालू असताना केबल निघाली तर काही क्षण सगळं ठीक असल्यासारखं वाटतं, मग एकेक गोष्ट दगा देते, आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून बंद करावं लागतं. फाइल सिस्टीम बहुधा सावरते, न सेव्ह केलेलं काम सावरत नाही. म्हणून डबी लॅपटॉपच्या झाकणामागे वेल्क्रोने चिकटवली आणि केबल आखूड घेतली. डिस्क हरवली तर सगळंच हरवलं, म्हणून इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शन निवडलं, पासवर्ड बाबांच्या वहीत, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर कॉपी. आणि वाचणाऱ्या आयटीवाल्या दोस्तांना हात जोडून सांगतो, ऑफिसच्या लॅपटॉपवर हा प्रयोग नको. मशीन कंपनीचं आहे, धोरण कंपनीचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी यूएसबी बूट आधीच बंद असतं.

यात वाचलेल्या पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. आपल्या धंद्यात बदल बहुतेक वेळा परतीचं दार बंद करून येतो. अपडेट झालं, आता मागे जाता येणार नाही, शिका. ज्याला सवय आहे तो शिकतो. ज्याला नाही तो स्वतःला मठ्ठ समजायला लागतो, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने स्वतःला मठ्ठ समजणं ही काही छोटी गोष्ट नाही. बाहेरच्या डिस्कने बाबांना नवीन सिस्टीम दिली हे खरंच, पण त्याआधी नाही म्हणायची सोय दिली. नको वाटलं तर केबल काढा. ती सोय होती म्हणूनच त्यांनी केबल लावून बघितली.

सध्या व्यवस्था अशी आहे. इंटरनेट लागतं ते सगळं डिस्कवरून. जुनी पत्रं बघायची तर केबल काढून आतल्या विंडोजवर, वाय-फाय बंद ठेवून. त्या पत्रांचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम मी देऊ केला होता. बाबा नको म्हणाले. रोज दोन-तीन पत्रं प्रिंट काढून स्वतः पुन्हा टाइप करतात, आणि करता करता नको ती पत्रं गाळतात. "नऊ वर्षांत काय काय लिहिलं ते बघायला मिळतंय," म्हणतात.

हे काम संपलं की आतली डिस्क मोकळी करायची का, याचा निर्णय व्हायचा आहे. मी विचारत नाही. ती तारीख त्यांनी ठरवायची.

तुमच्याही घरी असा एखादा धडधाकट पण 'बाद' लॅपटॉप असेल तर तो दुकानात नेण्याआधी एक शनिवार द्या. पडून असलेली एक एसएसडी, एक डबी आणि एक स्क्रू ड्रायव्हर लागेल. आणि आतली डिस्क काढलीत तर ती ज्याची आहे त्याच्या हातात द्या.